न्हाणीघरातला रियाज

हेमलताने कणकेचे हात पदराला पुसले आणि न्हाणीघराच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत तिचा नवरा नीलकंठ ओठ मिटून "मंऽऽ" करत उभा होता. मग लहान पोरं मोटार चालवतात तसं "ब्रर्र", मग जबडा चोळून "चटईला टाचणी टोचली". रेडिओवर नाटक असलं की गळा तापवायचा हा उद्योग सहा वर्षं अंगणात, उभ्या दीक्षितपुरा मोहल्ल्याला ऐकवून चालायचा. नवरात्रापासून मात्र दार लावून. काहून? लपवण्याजोगं काय असतं त्यात?

उत्तर काल प्रतिमाने आणून दिलं होतं. शेजारची प्रतिमा रेडिओ स्टेशनवर टायपिंग करायची.

"नाटकातली ती विभावरीबाई भाऊजींचा हात धरून उभी असते, वहिनी. पूर्ण नाटकभर. काचेतून पाहिलं. मला काय, मी आपलं सांगून राहिले."

हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. नीलकंठ फॅक्टरीच्या मैदानावर तोफा डागून तपासायचा. लढाई लागल्यापासून दोन-दोन पाळ्या. हाक मारली तर ओ नाही, विचारलं एक तर उत्तर भलतंच. इतके दिवस तिला वाटलं, थकून राहिले. थकवा कसला डोंबलाचा! आज संध्याकाळी नाटक होतं. त्याआधीच नागपूरची गाडी धरायची म्हणून तिने ट्रंक भरली होती.

तिने दार ढकललं. नीलकंठ पाठमोरा होता. एक हात गळ्यावर, दुसरा पितळी घंगाळावर. आणि सूर? अगंबाई, किती बेसूर!

"मी चालले," ती म्हणाली. "माहेरी. कायमची."

"मंऽऽ," नीलकंठ म्हणाला.

"ऐकून राहिले ना?"

"चटईला टाचणी टोचली."

संतापून तिने तांब्या फरशीवर आपटला. शेजारून "क्या गिरा, भाभी?" अशी हाक आली. नीलकंठची मानही हलली नाही. तांब्या घरंगळत पायाला लागला तेव्हा कुठे तो वळला, आणि तिला पाहून पांढराफटक पडला.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. हल्ली तो असाच बघायचा, आणि ती वेडी लाजायची.

"दसऱ्याच्या आधी. जवळच तोफेचा बार झाला. डावा कान गेला, उजव्याने थोडंसं ऐकू येतं. सूर आता हाताने चाचपावा लागतो, म्हणून दार लावतो. माझं वाक्य आलं की विभावरी हात दाबते. कोणाला बोलू नकोस हेमा, नाटक काढून घेतील."

हेमलताला रडू आलं, आणि रडताना संतापही आला. परक्या बाईला सांगितलं, अन् मला नाही!

तिने नाक पुसलं, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याचा हात ओढून घेतला.

"नाटकाचे कागद आणा," ती सावकाश, तोंड उघडून म्हणाली. "तिची वाक्यं मी वाचते. किती जोरात दाबते ती?"

नीलकंठने हलकेच दाबून दाखवलं.

हेमलताने त्याच्या दुप्पट जोरात दाबलं.