बटणाचा रंग

आरोही कामाला चोख, पण घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली. द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत यावरून तिला सगळेच चिडवायचे, आणि सगळ्यात जास्त कुंदन. त्यानंच तिला हाताला धरून कोड लिहायला शिकवलं होतं. तो गेला, त्याला वर्ष होत आलं. कावीळ काय झाली आणि पंधरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

कुंदन घोटीचा. त्याचे वडील गेणूभाऊ तिथल्या एका भातगिरणीत तीस वर्षं यंत्रावर. कुंदननं गिरण्यांसाठीच एक प्रोग्राम लिहिला होता, भात किती वाळलंय आणि गिरणीत कधी घालायचं ते सांगणारा. त्यातली निम्मी अक्कल गेणूभाऊंची. रोज संध्याकाळी सातला तो फोन लावायचा आणि विचारायचा, बाबा, आज भात कसं होतं? मग काम जतन करताना काय बदललं याची जी एका ओळीची नोंद लिहायची असते, तिच्याखाली बाबांचं त्या दिवसाचं बोलणं जसंच्या तसं टिपून ठेवायचा. इंद्रायणी दाताखाली कट्कन वाजली पाहिजे म्हणाले. गुडघा धरलाय, तरी गिरणीत गेले. अशी चार वर्षं.

दहाव्याला आरोही घोटीला गेली होती. गेणूभाऊ भिंतीला टेकून बसले होते. तिला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, तो म्हनायचा, बाबा, तुमचं समदं मी लिहून ठिवतो. ते हाय का कुठं?"

"आहे काका. वर्षश्राद्धाला घेऊन येते. सगळं वाचून दाखवते."

एवढंच मागितलं हो त्या माणसानं. दुसरं काही नाही.

वर्षभर तिच्याच्यानं ते उघडवलं नाही. दोनदा वाचायला बसली, दोनदा डोळे पुसत उठली. श्राद्धाच्या आधी करू म्हणत राहिली.

त्यातच ऑफिस हलवायचं ठरलं. कुंदनचा प्रोग्राम, पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींसकट, एका जुन्या संगणकावर होता. दोघं थेट त्याच्यावरच काम करायचे, दुसरीकडे प्रत अशी नव्हतीच. संगणक भंगारात जाणार होता. आरोहीकडे नवं साधन आलेलं, एआय एजंटला सांगायचं, की तो कोडचं अख्खं भांडार आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतो आणि कामाला लागतो. म्हणजे ती तरी अख्खंच समजत होती. तिनं सांगितलं, एजंटनं मिनिटभरात काम केलं. खाली सरळ शब्दांत लिहिलंही होतं, की वेळ वाचावा म्हणून फक्त शेवटची नोंद आणली आहे, आधीचा इतिहास हवा असेल तर सांगा. त्याला आजच्या कोडशी काम, कालचं कशाला ओढून आणील? पण आरोहीनं वरचं 'झालं' तेवढं वाचलं. प्रोग्राम चालतोय हे पाहिलं आणि जुन्या संगणकातलं सगळं स्वतःच्या हातानं पुसलं. गिऱ्हाइकांची माहिती भंगारवाल्याच्या हाती नको, म्हणून अगदी नीट पुसलं. टेम्पो आला, गेला.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी छापायला म्हणून तिनं नोंदी उघडल्या. एकच नोंद होती, आणि तीही तिची स्वतःची.

तो गेल्यापासून त्या प्रोग्रामला कुणी हात लावला नव्हता. नेमकं भांडार उतरवून घेतलं त्याच दिवशी सकाळी एका गिरणीवाल्यानं तक्रार केली होती की उन्हात हिरवं बटण दिसत नाही. आरोहीबाईसाहेबांनी लगेच जुन्या संगणकावरच ते गडद केलं आणि नोंद ठोकली. ते बटण दुसऱ्या दिवशी केलं असतं, तर निदान कुंदनची शेवटची ओळ तरी लॅपटॉपवर आली असती. ती भंगारवाल्याकडे धावली, डिस्क शोधून काढली, दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, ताई, ज्यानं पुसलंय त्यानं काहीच ठेवलं नाही.

घोटीला ती रिकाम्या हातानं गेली. पान वाढून झालं, कावळा शिवला, पाहुणे पांगले. गेणूभाऊ धुवट सदरा घालून, चष्मा पुसून तिच्यासमोर येऊन बसले. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूक लपवली नाही.

गेणूभाऊंनी चष्मा नीट बसवला. मग म्हणाले, "एक बी नाय राह्यलं?"

"एक राहिलंय."

"वाच की मग."

तिनं वाचलं, "बटणाचा रंग बदलला."

"हे त्यानं लिव्हलंय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही काका. मी."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आरोही रडत म्हणाली, तुम्हाला आठवेल तसं सांगा, मी परत लिहून घेते. गेणूभाऊंनी मान हलवली.

"मला कुठं काय आठवतंय? तो इचारायचा, तवा सुचायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या ऑफिसातून तिनं घोटीला फोन लावला. सातच वाजले होते. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काका, आज भात कसं होतं?"

पेन हातात धरून ती थांबली.

"बरं व्हतं," गेणूभाऊ म्हणाले, आणि फोन ठेवला.