मैदानातली विहीर

शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोरं पांगली, तरी संघमित्रा वर्गातच लॅपटॉप घेऊन बसली होती. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या शाळेत नेट फक्त खिडकीपाशीच मिळायचं. सोमवारचा पाठ होता 'आपल्या गावाचं पाणी'. तिनं गावाचा ऑनलाइन नकाशा केला होता. पोरांनी टॅबवर हातपंप, टाकी, नाला शोधून लाल खुणा करायच्या. मग शाळेमागच्या मैदानात चुन्यानं तोच नकाशा आखून खुणांवर उभं राहायचं.

लिंक तिनं अजून कुणालाच पाठवली नव्हती. तरी नकाशावर एक खूण उमटली. मैदानाच्या मधोमध. खाली अहिराणीत लिहिलं होतं, 'आठे विहीर शे.' इथं विहीर आहे.

आपलाच हात लागला असेल, म्हणून तिनं ती पुसली. ती पुन्हा उमटली. टॅब तर कपाटात कुलूपबंद होते. तिनं खुणेखाली लिहिलं, 'कोण आहे?'

'रूपा.'

तेवढ्यात खिचडीची भांडी घासून ताईबाई वर्ग झाडायला आली.

"ताईबाई, आपल्या मैदानात कधी विहीर होती का?"

झाडू थांबला. "तुमले कोनी सांगं? शाळा नव्हती तधळनी गोट शे. मनी धाकली बहीन तठे पडनी. मंग विहीर बुजी टाकी."

"नाव काय तिचं?"

"रूपा."

संघमित्रानं लॅपटॉप तिच्याकडं वळवून खुणेखालचं सगळं वाचून दाखवलं.

दोघी मैदानात गेल्या. खूण होती त्या जागी संघमित्रानं पहार टेकवून जराशी दाबली, तर ती हातातून सुटून सरळ आत गेली. खालून पाण्याचा आवाज आला. सोमवारी तिथं उभा राहणारा अख्खा वर्ग तिच्या डोळ्यांपुढं आला. तिनं मुख्याध्यापक अभिमन सरांना फोन लावला. गावातली माणसं आली, जागेभोवती काटेरी कुंपण घातलं. वर्गात परतून पाठातला मैदानाचा भाग तिनं काढून टाकला.

लॅपटॉप मिटणार, तोच ताईबाई बाकावर झाडू टेकवून शेजारी उभी राहिली.

"मॅडम, माले लिव्हता येत नही. तुम्ही लिवा ना, अक्का उनी म्हनीसन."

संघमित्रानं लिहिलं, 'तुझी अक्का आली.' बराच वेळ काहीच झालं नाही. मग खूण हलली. मैदान सोडून शाळेच्या भिंतीपाशी आली, भिंतीतून आत, वर्गात आली.

दोघींपैकी कुणीच मागं वळून पाहिलं नाही. ताईबाईनं फक्त बाकावरचा झाडू उचलला आणि सरकून जागा करून दिली.