डुमसच्या वाळूवर जावईबापूंची फेरी

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी मोटरसायकल आहे. फुगीर चाकांची, एका माणसाच्या सीटची. सुरतजवळ डुमसच्या किनाऱ्यावर लोकांना फेऱ्या मारून आणते. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगते. कारखान्यात मला घडवलं ते खडबडीत वाटांसाठी, अन् तेही चालवायला शिकलेल्या एकट्या माणसासाठी. तिथे माझं केवढं कौतुक व्हायचं! पुढे विकासशेठने मला विकत आणलं, लाल रंग फासला, अन् ‘एकानेच बसावे’ ही सूचना त्या रंगाखाली गडप झाली. तेव्हापासून माझा कुणावर भरवसा नाही. हेल्मेट आहे, पण ते टपरीत शोभेला टांगलेलं. “कंई नी थाय,” काही होत नाही, असं शेठ प्रत्येकाला सांगतो. असं छातीठोक सांगणारा माणूस दिसला की माझा संशय आणखी वाढतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सुरतेतल्या लिंबायतहून सुभद्राबाई आल्या. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणारी ही खानदेशी बाई. सोबत सणाला माहेरी आलेली लेक चंचल, अन् तिला न्यायला आलेले जावई योगेंद्र. जावयांची नजर माझ्यावर पडली. सुभद्राबाईंनी मात्र मला खालून वर न्याहाळलं. मला वाटलं, चला, माझ्यासारखं कोणीतरी भेटलं बाई!

“पोरी, बठू नको. हाई गाडी माले बरी दिखास नही,” त्या लेकीच्या कानात पुटपुटल्या.

“आई, मी रोज मोटरसायकल चालवतो. हे तर पोरांचं खेळणं!” योगेंद्र हसले.

सुभद्राबाई दोन पावलं मागे सरल्या. सणासुदीला जावयाला नको म्हणायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. साडी नेसलेली चंचल मागे एका बाजूला बसली, स्कूटरवर बसतात तशी. माझ्यावर दुसऱ्याला जागाच नाही, हे मी कुणाला सांगणार?

ओल्या वाळूत जावयांनी वेगात वळण घेतलं. मी कलंडले. दुचाकीच्या सवयीने त्यांनी पटकन पाय खाली टेकवला, अन् तो माझ्याच मागच्या चाकाखाली ओढला गेला. अगं आई गं! मी उलटले. चंचल माझ्याखाली सापडली.

लोकांनी धावत येऊन मला उचललं. चंचलचा श्वास चालू होता, पण ती हाकेला ओ देईना. मोडलेला पाय धरून योगेंद्र रडत म्हणाले, “आई, तुम्हाला शंका होती, तर मला अडवलं का नाही?”

“तुमचा मान राखला, जावईबापू,” सुभद्राबाईंनी हंबरडा फोडला. “अन् पोटच्या पोरीकडे पाहिलं नाही!”

चंचल वाचली, पण तिचा उजवा हात अजून वर होत नाही, असं टपरीवर बोलतात. मला ठोकून सरळ केलं, अन् मी पुन्हा फेऱ्या मारते आहे.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. आधी चालवायला शिका, हेल्मेट मागून घ्या, एकटेच बसा, पाय पायदानावरच ठेवा. अन् मनात पाल चुकचुकली तर मोठ्याने बोला, समोर जावई असला तरी. रुसलेला जावई समजूत काढली की हसतो. माझ्याखाली सापडलेली लेक उठेलच, असं मात्र मी सांगू शकत नाही.