लोरेटाने पेटती ठेवलेली शेकोटी

मी एक जुनी शेकोटी आहे. जन्माने मी यंत्राच्या तेलाचं पिंप. पण ते आयुष्य सांगण्यासारखं नाही. ओहायोतल्या काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा कामगारांनी माझं झाकण काढलं, अंगाला भोकं पाडली आणि फाटकाबाहेर उभं करून माझ्यात लाकडं पेटवली. तिथून मला माणसांत मान मिळाला.

मित्रांनो, त्या हिवाळ्यात मालकाला बरण्यांचे साचे दुसऱ्या गावी हलवायचे होते. साचे गेले की संप मोडला आणि गावाचं कामही गेलं. पण तिथल्या ट्रकवाल्यांचा नियम पक्का: संपकऱ्यांची रांग ओलांडायची नाही. मात्र फाटकावर कुणीच नसेल, तर ओलांडायला रांगच उरत नाही. म्हणून माझ्याभोवती सतत पहाऱ्याच्या पाळ्या चालत.

संपकऱ्यांतल्या पोलिश मंडळींचं चर्च वेगळं, स्लोव्हाकांचं वेगळं. त्यांच्यात केंटकीच्या डोंगरातून आलेली लोरेटा कोम्ब्स एकटीच.

"डोंगरीणबाई, तुमच्याकडे चुली तरी असतात का गं?" पोलिश मंडळींतली स्टेफानिया चिडवायची.

"असतात. आणि सरपण तुमच्यापेक्षा कोरडं असतं."

ख्रिस्ती लोकांचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सकाळी घोळ झाला. फाटकावर स्लोव्हाक असतीलच असं धरून पोलिश मंडळी कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये गेली. पोलिश असतीलच असं धरून स्लोव्हाकही गेले. लोरेटाच्या पंथात राख लावत नाहीत, म्हणून ती तेवढी उरली. बर्फ पडत होतं, माझं सरपण संपत आलं होतं आणि मला भीती वाटत होती.

व्यवस्थापक हॅरिगन फाटकाशी आला. "लोरेटाबाई, ज्यांच्यासाठी गारठताय ते तुम्हाला विचारतात तरी का? आत या, गरम कॉफी घ्या."

"कॉफी इकडे पाठवा, साहेब," ती म्हणाली, आणि बसायचं बाकडं लाथेने मोडून तिने माझ्यात घातलं. मी भडकून पेटले.

तेवढ्यात साचे न्यायला ट्रक आला. चालकाने काच खाली केली. "एकट्याच?"

"मोजायला आलायस का?"

तो हसला. "माझ्या बापाने कधी रांग ओलांडली नाही. मी एका बाईची ओलांडून घरी काय तोंड दाखवू?"

हॅरिगनच्या डोळ्यांदेखत त्याने ट्रक वळवला.

राख लावलेली मंडळी धावत परतली, तेव्हा बर्फात फाटकापासून मागे वळलेल्या चाकांच्या खुणा होत्या. माझ्यात बाकड्याचा शेवटचा पाय जळत होता. स्टेफानियाने आपली शाल लोरेटाच्या खांद्यावर टाकली. "आम्ही गाढव आहोत गं."

"माहीत आहे. या, शेका."

वसंतात करार झाला. पगार वाढले, साचे जागेवर राहिले, आणि मालकाशी बोलणी करायला कामगारांनी लोरेटाला सगळ्यांच्या पुढे बसवलं.

पुढे बरीच वर्षं मी युनियनच्या इमारतीमागे गवतात गंजत पडले. यंदा संपावर गेलेल्या गोदामातल्या कामगारांनी मला उचलून नेलं. कालच तेही जिंकले, आणि माझ्याभोवती नाचले.

मित्रांनो, मला पावसात उघडी टाकू नका. राख काढा आणि पालथी घाला. आणि पाळी तुमची असेल, तर निघण्याआधी मागे कुणी आहे का बघा. नसेल, तर थांबा. एका माणसासाठीही ट्रक वळतो.