चार बोटं जागा

"हिरामण, खाली उतर जरा," मोटारीचे मालक रावजीशेठ म्हणाले.

म्हसळ्याहून आलेली मोटार माणगावच्या नाक्यावर पुन्हा भरली होती. आमचे हे ड्रायव्हर, स्टिअरिंगच्या चाकावर बसलेले आणि मी खिडकीतून त्यांच्या हातात भाकरी देत होते. चौतीस साल असेल. मी अठराची होते.

"सोडायची येळ झाली शेठ. पोचून उतरतो."

"उतर म्हणतो ना!"

यांना उतरता येणार नव्हतं. ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

शिमग्यानंतर शेठनी मोटारीत बाकांची आणखी एक रांग ठोकून घेतली. जागा काढली ती ड्रायव्हरच्या पाठीमागून. पाठीची फळी चार बोटं पुढे आली. हे चांगले उंच. गुडघे चाकाला अडायचे. घाट उतरेपर्यंत डावा पाय मेल्यासारखा व्हायचा. यांनी एकदाच तक्रार केली. शेठ म्हणाले, "फळी हाय तिथंच राहील. बसणारा बदलू." तेव्हापासून पाय लंगडताना शेठना दिसू नये म्हणून हे माणगावात उतरेनासे झाले. मी भाकरी घेऊन यायची. "राणी घास भरवते, राजाची मजा हाय," असं उतारू म्हणायचे. आम्ही म्हणू द्यायचो.

यांनी दार उघडलं. उजवा पाय जमिनीला लागला. डावा आलाच नाही. हे शेठच्या पायांशी कोसळले.

"आता पाया पडून काय व्हनार?" शेठ म्हणाले.

सगळी मोटार हसली. मीही हसले. मोठ्याने हसले. नुसता पाय घसरला, थट्टेची गोष्ट आहे, असं शेठना वाटावं म्हणून. यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मोरू, बस चाकावर," शेठ म्हणाले.

मोरू मोटार धुणारा, बुटका. चालवायला यांनीच शिकवलेला. तो चढला आणि फळीला पाठ लावून नीट बसला.

"बघा," शेठ उतारूंना म्हणाले, "जागेचा काय दोष हाय?"

हे अजून पुढच्या चाकाशीच पडलेले. दोघा उतारूंनी काखेत हात घालून त्यांना रस्त्याच्या कडेला ओढलं. मोरूने भोंगा वाजवला.

"मोरू, उताराला गियर काढू नको रं! गाडी भरलेली हाय, नुसत्या ब्रेकवर थांबायची न्हाय!" हे ओरडले.

मोरूने इकडे पाहिलं नाही. मोटार गेली. नाक्यापुढे ओढ्याचा उतार होता. तिथवर इंजिन ऐकू यायचं. हे धुळीत बसून कान देऊन ऐकत राहिले.

"गियर काढला न्हाय त्यानं," म्हणाले.

मी त्यांचा पाय चोळायला खाली बसले. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच चोळू लागले.