बिनदगडाचा डोंगा

रुख्माचा डोंगा बैलगाडीवरून इटियाडोहच्या घाटावर उतरला, तेव्हा हसले नाहीत ते फक्त गाडीचे दोन बैल. माणसं झाडून सारी हसली. तिचा नवरा दुलीचंद, ज्यानं तो डोंगा स्वतःच्या हातानं गाडीवर बांधून आणला होता, तोही खाली मान घालून हसला. बरं, हसण्यासारखं होतंच. गुडघाभर पाण्यात शिंगाडे तोडायचा डोंगा तो. पत्र्याचा, सपाट बुडाचा, आणि काठ इतके बुटके की बदकानं मनात आणलं तर चालत आत यावं. अन् समोर धरणाचं पाणी, नजर थकेल एवढं.

पण हौस म्हणून कोण येतं बाप्पा? गावचा तलाव गाळ काढायला रिकामा केला होता, दोन वर्षं तरी पाणी धरणार नव्हता. रुख्मा मासे धरणाऱ्या ढिवराची लेक, ढिवराचीच सून. पन्नाशी आली, पण दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला ती कधी उतरली नव्हती, आणि आता उतरायची तिची तयारी नव्हती. आजवर पाण्यानं पोसलं, पुढंही पाणीच पोसेल, हे तिनं घरून निघतानाच दुलीचंदला सुनावलं होतं.

घाटावर शब्द चालायचा भैयाजीचा. तीस वर्षं धरणावर काढलेला माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज ढोलासारखा. त्यानं रुख्माला घाटाची रीत सांगितली. काठावर एक जुनी जांभूळ होती, तिच्या उघड्या पडलेल्या मुळांना साऱ्यांच्या नावा बांधलेल्या असत. नव्या माणसानं खोल पाण्यातून आपल्या वल्ह्याएवढा मासा आणायचा, मग त्याचा दोर मुळीला. तोवर डोंगा बाजूच्या चिखलात. मुदत गावच्या मंडईच्या जत्रेपर्यंत, म्हणजे दिवाळी सरून आठ-दहा दिवस. मंडईच्या दिवसापर्यंत मासा आला नाही, तर डोंगा पुन्हा गाडीवर.

मग त्यानं विचारलं, वल्हं कुठं आहे? रुख्मानं बांबू पुढं केला. तलावात वल्हं लागतं कोणाला? बांबू तळाला टेकवायचा, रेटायचं, डोंगा पुढं. श्यामलाल नावाचा एक तोंडाळ गडी म्हणाला की मग बाईनं बांबूएवढा मासा आणावा, बारा फुटांचा. पुन्हा खी खी खी.

"हे तुज्या गावचा तलाव नोहे, रुख्माबाई," भैयाजी म्हणाला. "इथं तळ लागत नाई."

तिला तो शब्द झोंबला. झोंबला म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांबू घेऊनच निघाली, आणि जे व्हायचं तेच झालं. काठापासून दोनशे हात गेली असेल नसेल, बांबू टेकवायला गेली तर खाली काहीच नाही. पुरा बांबू पाण्यात गेला, मागून खांद्यापर्यंत हातही गेला. डोंगा जागच्या जागी फिरायला लागला, वारा त्याला आत आत नेऊ लागला. शेवटी श्यामलालनं नाव घालून, दोर बांधून, म्हैस ओढल्यासारखी तिला काठावर आणली. साऱ्या घाटादेखत. त्या दिवशी रुख्मा जेवली नाही. ढिवराच्या सुनेला पाण्यातून ओढून आणावं लागलं, याच्यापरीस बुडाले असते तर बरं, असं ती दुलीचंदला म्हणाली आणि रडली.

दुलीचंद हसला होता खरा, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं बिजाच्या लाकडाचं वल्हं तासून दिलं, चांगलं तीन हात लांब. रुख्मा ते चालवायला शिकली. आणि मुख्य म्हणजे, ती काठावर बसून बघायला शिकली.

धरण भरलं तेव्हा एक मोठा खडक पाण्याखाली गेला होता, हत्तीखडक म्हणत त्याला. त्याच्या कपारीत एक जुना पढीन राहायचा. पढीन म्हणजे बिनखवल्यांचा, मिशांचा, तोंड फाडलं तर कोंबडी गिळेल असा मासा. भैयाजीनं त्याच्यापायी पाच गऱ्या, म्हणजे गळ, घालवल्या होत्या. रुख्मानं आठ दिवस पाहिलं. दर वेळी एकच. नाव खडकावर न्यायची, दगडाचा लंगर सोडून घट्ट उभी करायची, गरी टाकायची. पढीन गरी गिळायचा आणि कपारीकडे पळायचा. नाव जागची हलेना, गरीची डोर खडकाच्या धारेवर घासायची आणि तुटायची. मग भैयाजी डोरीला शिव्या द्यायचा.

डोरीनं काय केलं होतं बिचारीनं? दोष दगडाचा होता. पण तीस वर्षांत खोल पाण्यात दगड न सोडता कोणी बसलंच नव्हतं, तर दिसणार कसं?

मंडईच्या आदल्या सकाळी रुख्मा निघाली. वल्हं घेतलं, बांबूही घेतला. दुलीचंदनं लंगराचा दगड उचलून डोंग्यात ठेवला, तो तिनं परत काठावर ठेवला.

"अजी, त्याले जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या," ती म्हणाली. "मी त्याच्या मागं मागं जातो."

हत्तीखडकावर तिनं जिवंत बेडूक लावून गरी सोडली आणि शिंगाडे तोडताना निजतात तशी डोंग्यात पोटावर निजली. कितीतरी वेळ काही नाही. आणि मग असा हिसका बसला की डोर बोटांत रुतून रक्त आलं. पढीन कपारीकडे वळला. पण त्याच्या मागं काही अडून बसलेलं नव्हतं. हलका पत्र्याचा डोंगा त्याच्या डोक्यावरूनच निघाला, डोर सरळ उभी, खडकाला लागेचना. कपारीत शिरायला माशाला जोर मिळेना, तो वरच्या वर ओढला जाई. चिडला तो. निघाला मोकळ्या पाण्यात, आणि डोंगा त्याच्या मागं, नाक खाली करून, बुटक्या काठावरून पाणी आत घेत.

काठावर आरडाओरडा झाला. दुलीचंद कमरेपर्यंत पाण्यात शिरला. श्यामलाल नाव सोडायला धावला, तर भैयाजीनं त्याचा हात धरला. भैयाजीची नजर डोंग्यावरून हलत नव्हती, आणि आपली डोर दर वेळी का तुटायची ते त्याला आता कळत होतं.

तासभर पढीननं तिला फिरवलं. ती उठली नाही. उठली असती तर डोंगा पालथाच. एका हातानं डोर, दुसऱ्या हातानं पाणी उपसणं. देवाचं नाव घेतलं, माशाला शिव्याही घातल्या, दोन्ही मनापासून. हळूहळू हिसके मंदावले. मग तिनं डोर डोंग्याच्या आडव्या दांड्याला गुंडाळली आणि वल्हं मारत मारत डोंगा धानाच्या बुडालेल्या जुन्या बांध्यांकडे नेला, जिथं पाणी उथळ. तिथं वल्हं ठेवलं आणि बांबू सोडला. बांबू खाली गेला, गेला, आणि ठक्कन टेकला.

रुख्मा हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटातून हसली. डोंग्यात पाय रोवून उभी राहिली आणि तलावात रेटायची तसा बांबू रेटला. डोंगा सुळकन पुढं, मागं डोरीवर पढीन.

जांभळीखाली मासा ठेवला, तसा सारा घाट भोवती गोळा झाला. रीत म्हणून शेजारी तिचं वल्हं ठेवलं. मासा जास्त भरला. श्यामलाल पुटपुटला की वल्हंच आखूड आहे. तेव्हा भैयाजी आपल्या नावेकडे गेला आणि स्वतःचं वल्हं घेऊन आला, घाटावरचं सगळ्यांत लांब. ते माशाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. मासा चार बोटं वर होता.

भैयाजीनं दोर बांधायला हात पुढं केला. रुख्मानं दोर दिला नाही. खाली बसून तिनं स्वतः, रक्ताळलेल्या बोटांनी, तो मुळीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तळ लागला, भैयाजी," ती म्हणाली.

भैयाजी मान हलवून हसला. दुलीचंद तर उघडउघड रडत होता, आणि मासा किती लांब आहे ते येईल त्याला हात पसरून दाखवत होता. मंडईच्या सकाळी घाट जागा झाला, तेव्हा लोकांनी पाहिलं की भैयाजीच्या नावेतला लंगराचा दगड काठावर काढून ठेवला आहे, आणि भैयाजी रुख्माच्या घाटावरच्या झोपडीच्या दाराशी उभा राहून विचारतो आहे, तुमच्या गावात असा आणखी एखादा डोंगा मिळेल का.