तीन वाजताची कूस

तेहतीस वर्षं दवाखान्यात सिस्टरची नोकरी केली, पण देवाशी निवांत बोलायला मला कधी सवड मिळाली नाही. लोकांना वाटायचं मिळते, कारण रविवारी मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असायचे. खरं सांगायचं तर पंखा त्या बाकाच्या वर होता.

रिटायर होऊन मी बिलोलीतच राहिले, एकटी. यंदा ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस लागले तेव्हा आमच्या चर्चचे पाळक आनंदराज म्हणाले, "रोज एक ठरावीक वेळ प्रभूला द्या. त्या वेळात दार लावा आणि कोणासाठीही उघडू नका. मग बघा, तुमची आत्मिक वाढ कशी होते ते." मी ड्यूटीची सवय असलेली बाई, लगेच वेळ ठरवून टाकली. दुपारी दोन ते साडेपाच.

अडचण एकच होती. भिंतीला भिंत लागून शिवकांताअक्कांचं घर. त्यांचे यजमान गुरुबसप्पा, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं पलंगावर. वाचा गेलेली, स्वतःहून कूस बदलता येत नाही. अशा माणसाला दर दोन तासांनी फिरवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी दबून सडते. हे अक्कांना मीच शिकवलेलं. त्यांचा मुलगा सोमेश एक वाजता जेवायला येतो तेव्हा फिरवून जातो, मग सहापर्यंत दुकानात. अप्पा अंगानं थोराड, अक्का अडुसष्ट वर्षांच्या. म्हणून तीन वाजता मी जायचे, आणि पुन्हा पाचला.

"अक्का, चाळीस दिवस दुपारचं येणं व्हायचं न्हाई," मी सांगितलं. "प्रार्थनेला बसायचं ठरवलंय."

"बसा की, सिस्टरबाई," अक्का म्हणाल्या. "पूजा मोडू नये. मी बघते त्यांचं."

अक्का लिंगायत. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसल्या की दूधवाला हाका मारमारून निघून जातो, त्या हूं की चूं करत नाहीत. माझ्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांपेक्षा त्यांनाच माझं जास्त कळलं. मला फार बरं वाटलं.

पहिले आठ दिवस मी नुसती पेंगले. नवव्या दिवशी मात्र काहीतरी उघडलं. बाहेर ऊन रटरटत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी डोळे मिटले आणि मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात उभी राहिले. पायाखालची वाळू गार होती. बघता बघता वाळूतून पाणी वर आलं, घोट्यापर्यंत, आवाज न करता. पुढं कोणीतरी चालत होतं, पांढऱ्या कपड्यात, पाठमोरं. मी मागं चालू लागले. साडेपाच कधी वाजले कळलं नाही, आणि उठले तेव्हा गाल ओले होते.

मग रोजच तसं होऊ लागलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. काठावरची कडुलिंबाची झाडं पाण्यात उतरून आमच्याबरोबर चालू लागली. पुढचा माणूस रोज थोडा जवळ यायचा, वाटायचं आज वळून बघेल. भिंतीपलीकडं पलंग करकरायचा, तो मला नावेचा आवाज वाटायचा. दोनदा दाराबाहेर चपला वाजून थांबल्या, मग परत फिरल्या. पाण्यावर पावलं वाजावीत तसा तो आवाज माझ्या डोळ्यांमागं विरून गेला. मी सुखात होते. इतकी सुखात मी आयुष्यात कधीच नव्हते, त्यामुळं सकाळचंही अक्कांकडं जाणं राहून गेलं.

रविवारी मी मंडळीपुढं साक्ष दिली. पाणी, पांढरे कपडे, सगळं सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आनंदराज म्हणाले, "ज्योत्स्नाताईंची वाढ बघा." मीही मान खाली घालून बघू दिली.

चोविसाव्या दिवशी सकाळी सोमेश दारात आला. "सिस्टर, अप्पांच्या पाठीला वास येऊन राहिलाय."

मी जाऊन धोतर बाजूला केलं. माकडहाडावर लिंबाएवढी जखम, कडा काळ्या, आत पू. अप्पा डोळे उघडे ठेवून भिंतीकडं बघत होते. भिंतीपलीकडं माझी प्रार्थनेची खोली.

"माझ्याच हातनं झालं," अक्का म्हणाल्या. "अंगात बळच न्हाई माझ्या. दोनदा तुमच्या दारापातुर आलते. आत तुमचं चालू होतं, म्हणून परत फिरले."

"असू द्या, अक्का," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

डॉक्टर येऊन गेले, औषधं सुरू झाली. दुपारच्या दोन्ही वेळा मी पुन्हा जाऊ लागले. मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, सडलेलं काढायचं, गॉज भरायचं. हात सरावाचे होते, ते मुकाट काम करत. घरी येऊन डोळे मिटले की नदी येत नव्हती, जखमच दिसायची. पुढं चालणाऱ्याचा चेहरा मला दिसला नाही, तो आजतागायत नाही.

अक्कांनी एक वेळचं जेवण सोडलं. अप्पांची जखम भरेपर्यंत रात्रीच तेवढं खायचं, असं त्यांनी देवाला सांगितलं होतं. स्वतःलाच शिक्षा. दहा दिवसांत दंडावरची चोळी ढिली झाली. एकदा चुलीपाशी चक्कर येऊन बसल्या. सोमेशनं समजावलं, रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. वर तो मला म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही देवमाणूस." आनंदराजांनाही कुठून तरी कळलं, त्यांनी चर्चमध्ये माझ्या सेवेबद्दल उपकारस्तुती केली. मला त्यांचाही राग आला आणि माझा तर त्याहून. पू पुसायला माझा हात कचरत नव्हता. एक वाक्य बोलायला जीभ उचलत नव्हती, आणि त्या वाक्यापायी ती बाई उपाशी राहत होती.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. बारा ते तीन सगळी मंडळी चर्चमध्ये, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन करायला. मी संपायच्या थोडं आधीच उठून आले. रस्त्यावर उन्हाच्या झळा पाण्यासारख्या हलत होत्या, घरं त्यात तरंगत होती, आणि आपण चालतो आहोत की झोपेत आहोत हे मला नीट कळत नव्हतं. तीनला अक्कांच्या घरात पोचले. आत अंधारं, गार. दोघींनी मिळून अप्पांना डाव्या कुशीवर घेतलं. जखमेच्या कडेला गुलाबी मांस धरायला लागलं होतं.

"भरून येऊन राहिलंय बघा," अक्का म्हणाल्या. "लिंगदेवानं माझी चूक पोटात घातली."

"तुमची चूक न्हाई, अक्का," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "दोन तासाला फिरवलं न्हाई की असं होतंय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुमच्यानं एकटीनं ते हलत न्हाईत, हे बी ठाऊक होतं. तरी मी दार लावून बसले. तुमच्या चपला दोन्ही वेळा मला ऐकू आल्या होत्या. मी उठले न्हाई. ही जखम माझ्यामुळं झाली."

अक्कांनी अप्पांच्या पाठीशी उशी लावली. चादरीची सुरकुती हातानं काढली, पुन्हा काढली. माझ्याकडं बघितलं नाही. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येऊन हाकलून देतील, आणि दिलं तर बरं होईल.

त्या ताट घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी आणि वरण. उंबऱ्यात माझ्याकडं पाठ करून बसल्या आणि जेवू लागल्या. सावकाश, एक एक घास चावून, भाकरी संपली. आत जाऊन दुसरी आणली, तीही खाल्ली. ताटात हात धुतला, पदराला पुसला.

"पाचला परत फिरवायचंय त्यांना," मागं न वळता त्या म्हणाल्या. "तवर कुठं जाऊ नका. बसा इथंच."

मी पलंगापाशी खाली बसले.